नॉर्विचवर सोडलेली 43 रॉकेटं आणि नॉरफोकच्या रानातले खड्डे

25 सप्टेंबर ते 12 ऑक्टोबर 1944 या अठरा दिवसांत जर्मन सैन्याने हॉलंडमधून इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातल्या नॉर्विच शहरावर 43 व्ही-2 रॉकेटं सोडली. शहराच्या दाट वस्तीत एकही पडलं नाही. पहिलं पडलं सफोक परगण्यात हॉक्सनला, नॉर्विचच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर. दुसऱ्या दिवशीचं रॅनवर्थला, पूर्वेकडच्या पाणथळ मुलखात. शेवटचं इंगवर्थला, उत्तरेला वीस किलोमीटरवर. निशाणा एकच, पण दक्षिणोत्तर पसारा पन्नास किलोमीटरचा. त्यातल्या त्यात जवळ गेलं ते 3 ऑक्टोबरचं, हेल्सडनच्या गोल्फ मैदानावर पडलेलं. या रॉकेटांचे खड्डे आज कसे शोधायचे, ते इथे सांगितलं आहे.

रॉकेटांचे खड्डे शोधायचे तर लंडनला लागून असलेल्या एसेक्स परगण्याकडे का जाऊ नये, हा प्रश्न रास्त आहे. ब्रिटनच्या जमिनीवर एकूण 1,054 व्ही-2 पडल्याची नोंद आहे. लंडन 517, एसेक्स 378, केंट 64, हर्टफर्डशायर 34, नॉरफोक 29, सफोक 13, बाकीची तुरळक. लंडन सोडलं तर आकड्यात एसेक्सच मोठं. पण तिथे सात महिने रॉकेटं पडत होती, त्याआधी चार वर्षं साधे बॉम्ब पडत होते, आणि युद्धानंतर लंडनच्या वाढीने निम्मा मुलूख उकरला गेला. नॉरफोकच्या 29 पैकी बहुतेक रॉकेटं त्या अठरा दिवसांतली आहेत, जवळजवळ सगळी शेतांत, रानांत आणि दलदलीत पडलेली. यादी छोटी आणि बंद असली की प्रत्येक नोंदीचा छडा लावून "सापडला", "बुजला" किंवा "नोंदच चुकीची" असा शेरा मारता येतो. हजारभर नोंदींच्या ढिगात ते जमत नाही.

नॉर्विचच का, याचं उत्तर नकाशावर आहे. 17 सप्टेंबर 1944 ला दोस्तांच्या हवाई फौजा हॉलंडमध्ये उतरल्या आणि हेगजवळच्या रॉकेट तुकड्यांना माघार घ्यावी लागली. 444 क्रमांकाची तुकडी फ्रिसलंडमधल्या राइस गावच्या जंगलात गेली. तिथून लंडन चारशे किलोमीटरच्या पुढे, रॉकेटचा पल्ला 320. नॉर्विच मात्र 285 किलोमीटरवर, बरोबर टप्प्यात. शोधणाऱ्याच्या दृष्टीने यातली कामाची गोष्ट एवढीच, की रॉकेटं पूर्वेकडून, जवळजवळ सरळ पश्चिमेला येत होती. अवशेषांचा सडा कुठल्या बाजूला लांबलेला असेल याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

आता खड्ड्याचं गणित. उड्डाणाच्या वेळी व्ही-2 चं वजन साडेबारा टनांच्या आसपास, लांबी 14 मीटर. अल्कोहोल आणि द्रवरूप ऑक्सिजन पहिल्या मिनिटभरात जळून जातं आणि खाली येतं ते साधारण चार टनांचं धूड, ताशी 2,900 किलोमीटर वेगाने. नाकात एक टनाचा स्फोटकगोळा, त्यात पाऊण टनाच्या आसपास अमॅटॉल. नांगरटीच्या जमिनीत याचा खड्डा साधारण 9 ते 15 मीटर रुंद आणि 3 ते 5 मीटर खोल होतो. रॉकेट तिरपं आलं तरी खड्डा गोलच होतो, कारण माती उडवण्याचं काम मुख्यतः स्फोट करतो. खड्डा लांबट दिसला तर आधी दुसरं कारण शोधावं.

12 मीटर रुंद आणि 4 मीटर खोल खड्डा धरला तर उडालेली माती सव्वादोनशे घनमीटर भरते, आपल्या हिशेबात ऐंशी ब्रास. ही माती सगळी परत मिळत नाही. काठाभोवती पडलेली लोटून घेतली तरी निम्मी लांबवर विखुरलेली असते. म्हणून शेतकऱ्याने खड्डा बुजवला तो हाताशी येईल त्याने: गंजकी तार, मोडकी अवजारं, विटांचे तुकडे, झाडांची खोडं. खोडं कुजतात, भराव दबतो. चार मीटरच्या भरावात दहा टक्के दबणं धरलं तर मध्यभागी 40 सेंटिमीटरची ताटलीसारखी खोलगट जागा राहते. पुढे दरवर्षीची नांगरट ती आणखी पसरट करत जाते. हे 40 सेंटिमीटर पुढच्या सगळ्या शोधाचा पाया आहेत.

कागदांवरचं काम, आणि तिथेच होणाऱ्या चुका

लोक थेट रानात जातात आणि दोन दिवस चिखल तुडवून परत येतात. दहातले सात-आठ भाग काम टेबलावर होतं.

पहिला स्रोत लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातली बॉम्ब-गणतीची कागदपत्रं: गृहखात्याच्या एचओ 193 या मालिकेत नकाशे, एचओ 198 मध्ये कागद. दुसरा, नॉर्विचच्या नॉरफोक रेकॉर्ड ऑफिसमधले नागरी संरक्षण दलाचे आणि पोलिसांचे अहवाल. वर्तमानपत्रांवर वेळ घालवू नये. 8 सप्टेंबर 1944 ला लंडनच्या चिझिकमध्ये पहिलं रॉकेट पडलं तेव्हा गॅसच्या नळाचा स्फोट झाल्याची आवई उठू दिली गेली, आणि व्ही-2 चं अस्तित्व चर्चिलने संसदेत मान्य केलं ते 10 नोव्हेंबरला. नॉर्विचचा मारा त्याच्या महिनाभर आधीच संपला होता. त्या आठवड्यांच्या स्थानिक अंकांत रॉकेट नाहीच. नंतरच्या बातम्यांतही गावांची नावं गाळलेली असायची.

अहवाल मिळाला की त्यातला स्थानांक वाचण्यात सगळ्यात मोठी चूक होते. युद्धकाळात सैन्य वापरत असे ती वॉर ऑफिसची, म्हणजे युद्धखात्याची, कॅसिनी जाळी: नकाशावर आखलेले, अक्षरांनी ओळखले जाणारे चौकोन. आजचे ब्रिटिश नकाशे छापले जातात ते राष्ट्रीय जाळीवर. दोन्हींचा आरंभबिंदू वेगळा, प्रक्षेपणही वेगळं. जुना आकडा आजच्या नकाशावर तसाच लावला की तो भलत्याच गावात जाऊन पडतो, कधी चक्क समुद्रात. समुद्रात पडला तर बरं, चूक लगेच कळते. दुसऱ्या गावात पडला तर माणूस तिथला एखादा जुना खड्डा पकडून बसतो आणि वर्षभर त्याचीच टिमकी वाजवतो. ओळखायची खूण सोपी: चौकोनाच्या अक्षरांत पहिलं अक्षर लहान लिपीतलं असेल तर जाळी कॅसिनी. रूपांतरासाठी संगणकावर तयार साधनं आहेत. रूपांतर झाल्यावर अहवालातल्या वर्णनाशी ताडून घ्यावं. "अमुक फार्मच्या वायव्येला 300 यार्ड" असं वाक्य असेल तर 274 मीटर मोजावेत. दोन्ही जुळले तरच पुढे जावं.

सहा आकडी स्थानांक म्हणजे शंभर मीटरचा चौकोन, चार आकडी म्हणजे अख्खा चौरस किलोमीटर. अंधारात, घाईत लिहिणाऱ्याची चूक धरून सहा आकडी नोंदीभोवती 300 मीटरच्या त्रिज्येचं वर्तुळ आखावं. ते 28 हेक्टर भरतं, सत्तर एकर. चार आकडी नोंदीला किमान शंभर हेक्टर. फक्त गावाचं नाव असेल तर हवाई छायाचित्र मिळेपर्यंत ती नोंद बाजूला ठेवलेली बरी.

वेळेचीही गंमत आहे. ब्रिटनमध्ये दुहेरी उन्हाळी वेळ 17 सप्टेंबरला संपली होती आणि घड्याळं ग्रिनिचच्या एक तास पुढे होती. जर्मन घड्याळं 2 ऑक्टोबरपर्यंत दोन तास पुढे होती, त्यानंतर एक तास. म्हणून जर्मन नोंदीतली उड्डाणाची वेळ ब्रिटिश अहवालातल्या स्फोटाशी जुळवताना 2 ऑक्टोबरच्या आधी एक तास वजा करायचा, नंतर काहीच नाही. उड्डाणापासून आदळेपर्यंत साधारण पाच मिनिटं. हे नीट केलं तर दोन शेजारच्या गावांनी नोंदवलेलं एकच रॉकेट ओळखता येतं. असे दुहेरी अहवाल येतात, कारण काही रॉकेटं खाली येताना हवेतच फुटत: स्फोटकगोळा एका शिवारात, शेपटी दुसऱ्या. अशा वेळी एका ठिकाणी खड्डा असतो आणि दुसरीकडे नुसते पत्रे. दुसऱ्या ठिकाणी खड्डा शोधत बसण्यात अर्थ नसतो.

म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी मोलाच्या, पण त्या ऐकताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. व्ही-2 आवाजापेक्षा वेगाने येतं, त्यामुळे आधी स्फोट आणि मागून येण्याचा गडगडाट, असा उलटा क्रम ऐकू येतो. ज्याला गडगडाट आठवतो पण दिशा आठवते ती चुकीची, त्यात त्याचा दोष नाही. दुसरं, याच महिन्यांत जर्मन विमानं उत्तर समुद्रावरून व्ही-1 ही उडती बॉम्बयंत्रंही सोडत होती. साठ-सत्तर वर्षांनी बोलताना दोन्हींना एकच नाव दिलं जातं. फटफटीसारखा आवाज ऐकला आणि तो थांबला असं कुणी सांगितलं, तर ते व्ही-1 होतं. त्याचा खड्डा मोकळ्या जमिनीत उथळ होतो आणि आजवर क्वचितच टिकतो.

तो खड्डा 1944 च्या आधी होता का?

नॉरफोकमध्ये या एका प्रश्नावर सगळं प्रकरण उभं राहतं किंवा कोसळतं. या परगण्यात तेवीस हजारांच्या आसपास तळी आहेत. बहुतेक माणसाने खणलेली, मार्लसाठी. मार्ल म्हणजे चुन्याचा अंश असलेली चिकणमाती. सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात शेतकरी ती उकरून आम्लधर्मी जमिनीवर पसरत. दर दोन-तीन शेतांआड एक खड्डा, गोलसर, दहा ते तीस मीटर रुंद, आता पाण्याने आणि झुडपांनी भरलेला. रॉकेटचा खड्डा शोधायला बाहेर पडलेल्या माणसाला पहिल्या तासात असे पाच सापडतात आणि पाचही त्याला रॉकेटचेच वाटतात.

त्यात भर म्हणून दक्षिणेकडच्या ब्रेकलंड भागात हिमयुगातल्या पिंगोंच्या खुणा आहेत. जमिनीखालचा बर्फाचा गोळा फुगून वितळला की मागे गोल खळगा उरतो, आणि त्याला चक्क उंच काठ असतो. थॉम्पसन कॉमनवर असे शेकडो खळगे आहेत. विवर म्हटलं की लोणारमुळे आपल्या डोळ्यांपुढे उचललेला काठ येतो, आणि काठ दिसला की आघात झाला असणार असं वाटतं. नॉरफोकमध्ये तो नियम चालत नाही. इथे काठ बर्फही उचलतो.

उपाय एकच: मागे मागे जाणारे नकाशे. 1840 च्या सुमाराचा गावाचा टाइद (चर्चला द्यायच्या कराचा) नकाशा, 1880 च्या दशकातला ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-खात्याचा 25 इंची (मैलाला 25 इंच) नकाशा, त्याची विसाव्या शतकाच्या सुरुवातीची सुधारित आवृत्ती. ऑर्डनन्स सर्व्हेचे जुने नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संग्रहात फुकट पाहता येतात. यांतल्या एकावरही त्या जागी तळं किंवा खाण दाखवली असेल तर उमेदवार बाद. हुज्जत घालू नये. दाखवली नसेल तर तेवढ्याने काही सिद्ध होत नाही, फक्त पुढच्या पायरीची परवानगी मिळते.

पुढची पायरी म्हणजे 1946 ची हवाई छायाचित्रं. युद्ध संपल्यावर रॉयल एअर फोर्सने देशभर उभी छायाचित्रं घेतली. त्यांच्या उड्डाणांच्या क्रमांकांत बहुधा 106जी/यूके असं येतं. प्रमाण साधारण एकास दहा हजार. नॉरफोकचा 1946 चा संच परगण्याच्या नकाशा-संकेतस्थळावर जोडून ठेवलेला आहे, आणि मूळ प्रती स्विंडनच्या हिस्टॉरिक इंग्लंड अभिलेखागारातून मागवता येतात. मागवाव्यातच. या प्रमाणात 12 मीटरचा खड्डा कागदावर 1.2 मिलिमीटर येतो; संकेतस्थळावरच्या दाबून लहान केलेल्या प्रतिमेत तो नुसता डाग दिसतो. मूळ प्रत इंचाला 1,200 ठिपक्यांनी स्कॅन केली की त्याच खड्ड्याला पन्नासेक ठिपके मिळतात आणि आकार बोलू लागतो.

काय पाहायचं? मध्ये गडद, भोवती फिकट कडं. नॉरफोकच्या चुनखडीयुक्त मातीत वर उडालेला खालचा थर पांढरा असतो, त्यामुळे दोन वर्षांनीसुद्धा कडं ओळखू येतं. सावली खड्ड्याच्या आत, सूर्याच्या बाजूच्या भिंतीला पडलेली हवी. गवताची गंजी आणि खड्डा एकाच छायाचित्रात जुळे भाऊ दिसतात. सावली बाहेर पडली असेल तर ती गंजी. लागोपाठच्या छायाचित्रांत साठ टक्के भाग सामायिक असतो, म्हणून जोडी मिळाली तर त्रिमितीत पाहावं. संशय दहा सेकंदांत फिटतो. एक अडचण मात्र राहते: दोन वर्षांत अनेक खड्डे बुजले होते. अन्न पिकवण्याची सक्ती होती, चांगली जमीन कोण पडीक ठेवणार? तिथे 1946 मध्ये फक्त फिकट गोल डाग दिसतो, खड्डा नाही. तोही नोंदवावा.

लायडार

विमानातून लेझर मारून जमिनीची उंची मोजलेला लायडार विदा इंग्लंडची एन्व्हायर्नमेंट एजन्सी फुकट देते, एक मीटरच्या जाळीत, पाच किलोमीटरच्या तुकड्यांत. दोन प्रकार मिळतात: झाडं-घरांसकट पृष्ठभाग, आणि ती वजा केलेली नुसती जमीन. दुसरा घ्यायचा. उंचीतली चूक साधारण 15 सेंटिमीटर. म्हणजे 40 सेंटिमीटरची ताटली दिसू शकते, 20 ची दिसेलच असं नाही.

क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत संगणक-प्रणालीत तुकडा उघडून नेहमीची छायाचित्रासारखी छटा काढली तर उथळ खोलगट जागा हमखास निसटते. एकाच दिशेच्या प्रकाशाने अर्धी रचना सपाट होते. किमान चार दिशांनी, 35 अंशांच्या आतल्या कोनातून छटा काढाव्यात. त्याहून चांगलं म्हणजे स्थानिक उठाव: सभोवतालच्या 20 ते 25 मीटरची सरासरी उंची काढून ती मूळ उंचीतून वजा करायची. टेकडीचा उतार नाहीसा होतो आणि खळगा उरतो. सरासरीचा हा टापू, म्हणजे खिडकी, 10 मीटरची ठेवली तर 12 मीटरचा खड्डा स्वतःच सरासरीत विरघळतो. ही चूक फार जण करतात. संशयित जागी आडवे-उभे दोन छेद काढून कागदावर ठेवावेत.

दोन ठिकाणी लायडार फसवतो. पाणी भरलेल्या खड्ड्यात लेझर परत येत नाही. तिथे संगणक काठापासून काठापर्यंत सपाट पत्रा ताणतो आणि खोली शून्य दिसते. ब्रॉड्स या पूर्वेकडच्या पाणथळ मुलखातल्या प्रत्येक जागेला हे लागू आहे. दाट सूचिपर्णी लागवडीत जमिनीपर्यंत पोचणारे किरण इतके विरळ की जमीन अंदाजाने भरलेली असते आणि खोटे खळगे उगवतात.

नांगरटीच्या शेतात लायडार थकला की उन्हाळा मदतीला येतो. भरावात ओल जास्त टिकते, म्हणून कोरड्या जून-जुलैत त्यावरचं पीक हिरवंगार गोल उठून दिसतं. 2018 आणि 2022 हे इंग्लंडमधले सुके उन्हाळे. उपग्रहचित्रांच्या इतिहासात आधी तीच वर्षं उघडावीत. मार्लची बुजवलेली खाणही अशीच हिरवी दिसते, हे सांगायला नको.

रानात

टिकलेले खड्डे सापडतात ते नांगर जिथे गेलाच नाही तिथे: जुनं पानगळी रान, सामायिक माळ, दलदल, दोन बांधांमधला निरुपयोगी कोपरा. 28 हेक्टरच्या वर्तुळातून आधी एवढेच तुकडे वेगळे काढावेत. बहुतेक वेळा चार-पाच हेक्टर उरतात आणि एका सकाळीत पायाखालून जातात. ऋतू हिवाळ्याचा, पानं गळल्यावर आणि नेच्यांची झुडपं आडवी झाल्यावर. जूनमध्ये रानात गेलं तर खड्ड्यात पडेपर्यंत तो दिसत नाही.

जमिनीच्या मालकाची लेखी परवानगी आधी. इंग्लंडमध्ये पायवाटेचा हक्क वाटेपुरताच. वाट सोडली की बहुतेक ठिकाणी परवानगी लागते, मेटल डिटेक्टरला तर वेगळी लागते. संरक्षित स्मारकावर डिटेक्टर परवान्याशिवाय चालवणं गुन्हा आहे, आणि ब्रॉड्समधल्या संरक्षित निसर्गक्षेत्रांत खणायला नॅचरल इंग्लंड या सरकारी निसर्गसंस्थेची संमती हवी. खड्ड्याच्या तळ्यात कलगीदार न्यूट (सरड्यासारखा दिसणारा उभयचर) असेल तर ते पाणी उपसता येत नाही. तो प्राणी कायद्याने राखलेला आहे, आणि अशी मासे नसलेली छोटी तळी त्याला फार आवडतात.

मापं घेताना 30 मीटरच्या दोन फिती काटकोनात टाकाव्यात. काठ ते काठ व्यास दोन्ही दिशांनी, खोली काठापासून आणि शेताच्या पातळीपासून वेगवेगळी, काठाची उंची आठ दिशांना. तळात लोखंडी सळई हाताने दाबून कुजलेल्या पानांचा मऊ थर मोजावा. रानातल्या खड्ड्यात तो बऱ्याचदा अर्ध्या मीटरपर्यंत भरतो आणि खोली तेवढी कमी वाटते. एका बाजूला उतरता रस्ता असेल तर ती खाण. गाडी खाली नेण्यासाठी ठेवलेला तो उतार दोनशे वर्षांनीही मिटत नाही, आणि रॉकेटला गाडी लागत नाही.

खड्ड्याच्या आत उगवलेलं झाड फार मोठा साक्षीदार. मोकळ्यावर वाढलेल्या ओकचा घेर ढोबळमानाने वर्षाला एक इंच वाढतो, दाट रानात अर्धा. ऐंशी वर्षांत मोकळ्यावर दोन मीटर, रानात एक. आतल्या उतारावर तीन मीटर घेराचा ओक उभा असेल तर खड्डा त्याच्याहून जुना आहे आणि चर्चा संपली. विलो आणि पॉप्लरला हा नियम लावू नये. ती झाडं वाटेल तशी वाढतात. काठाभोवतीच्या जुन्या झाडांच्या खोडांत लोखंडाचे तुकडे रुतलेले असतात. लाकूड कापणारे अशा झाडांना हात लावायला नाखूश असतात, म्हणून स्थानिक लाकूडवाल्याला विचारणं पुष्कळदा अहवाल चाळण्यापेक्षा स्वस्त पडतं.

एवढं होऊनही मापांवरून "रॉकेट" म्हणता येत नाही. मोठ्या जर्मन बॉम्बचा खड्डा आणि व्ही-2 चा खड्डा व्यासाने एकमेकांत मिसळतात. या परगण्यात अमेरिकन बॉम्बर विमानांचे तळ होते. कोसळलेल्या विमानांचे आणि टाकून दिलेल्या बॉम्बचे खड्डेही आहेत. शेवटचा निकाल देतात ते तुकडे.

मॅग्नेटोमीटर, म्हणजे जमिनीतलं लोखंड टिपणारा चुंबकमापक, फिरवावा 30 बाय 30 मीटरच्या चौकोनात, एक मीटर अंतराच्या ओळींनी, ओळीत दर 25 सेंटिमीटरला एक वाचन. मधोमध मोठा लोखंडी ठसा आला म्हणून हुरळून जाऊ नये. बुजवताना टाकलेली काटेरी तार तसाच ठसा देते. रॉकेटची खूण म्हणजे काठाबाहेर, त्यातही येण्याच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पसरलेले शेकडो लहान ठसे. मालकाच्या परवानगीने वरच्या थरातले तुकडे तपासले की चित्र स्पष्ट होतं: ठिपके-जोडाच्या ओळी असलेला पातळ पोलादी पत्रा, इंधनटाक्यांच्या अॅल्युमिनियमच्या पांढरी पापुद्री धरलेल्या पट्ट्या, काचलोकरीचे झुपके, आणि ग्रॅफाइटचे काळे गुळगुळीत तुकडे. हे ग्रॅफाइट इंजिनाच्या झोतात बसवलेल्या चार सुकाणू-पात्यांचं. विमानाच्या किंवा बॉम्बच्या अवशेषांत ते तसं मिळत नाही, म्हणून एक तुकडासुद्धा पुरतो. तो चुंबकाला लागत नाही. डोळ्यांनीच शोधावा लागतो. काचलोकर उघड्या हातांनी चिवडू नये.

खोल भरावात ज्वलनकक्ष सापडू शकतो: दुहेरी भिंतीचं जड पोलादी भांडं, डोक्यावर इंधन फवारणारे अठरा पेले. त्याच्या भागांवर कारखान्यांचे अक्षर-संकेत ठोकलेले असतात. केंटमध्ये 2021 साली सेंट मेरीज प्लॅटजवळच्या खड्ड्यातून असे संकेत असलेले भाग पुरातत्त्वीय पद्धतीने काढले गेले. संकेत वाचताना ते कुणी ठोकले हे विसरता येत नाही. ही रॉकेटं जोडली गेली नॉर्डहाउझनजवळच्या बोगद्यांत, मिटेलबाउ-डोरा छळछावणीच्या कैद्यांकडून. तिथे साठ हजारांच्या आसपास माणसं आणली गेली आणि सुमारे वीस हजार मेली. नॉर्विचच्या माऱ्यात जितकी माणसं जखमी झाली त्यापेक्षा कितीतरी जास्त ती रॉकेटं बनवताना गेली.

खोदकाम मात्र हौशी गटाने करायचं काम नाही. अर्धवट फुटलेल्या गोळ्यातला अमॅटॉल पिवळट-तपकिरी ढेकळांसारखा राहू शकतो, आणि न फुटलेला गोळा जमिनीत खोल गेलेला असू शकतो. अहवालात "स्फोट झाला नाही" किंवा "कमी तीव्रतेचा स्फोट" असा शब्द दिसला तर त्या जागी गिरमिटसुद्धा घालू नये. ढेकूळ, नळकांडं, काही संशयास्पद दिसलं तर जागेची खूण करून मागे फिरायचं आणि 999 वर पोलिसांना कळवायचं. ते सैन्याच्या बॉम्बनाशक पथकाला बोलावतात. विमानाचे भाग निघाले तरीही थांबायचं, कारण लष्करी विमानांच्या अवशेषांना 1986 चा कायदा लागतो आणि संरक्षण मंत्रालयाचा परवाना लागतो.

नोंद कशी करायची

प्रत्येक जागेला तीन प्रश्नांची उत्तरं वेगळी लिहावीत: 1944 चा अहवाल आहे का, 1946 चं छायाचित्र दाखवतं का, आज जमिनीवर काय आहे. तिन्ही "हो" असतील तरच निश्चित. पहिली दोन "हो" आणि तिसरं "नाही" म्हणजे बुजलेला; नॉरफोकच्या नांगरटीच्या शेतांत सर्वात जास्त भेटतो तो हाच प्रकार. फक्त तिसरं "हो" असेल तर ती मार्लची खाण समजून चालावं, जोवर उलट पुरावा मिळत नाही. दहा आकडी स्थानांकासह हे सगळं नॉरफोकच्या ऐतिहासिक पर्यावरण नोंदवहीकडे पाठवावं. बाद ठरलेले उमेदवारही पाठवावेत, नाहीतर पुढचा गट त्याच तळ्यात पुन्हा उतरतो.

हेल्सडनचं उदाहरण या वर्गीकरणात दुसऱ्या खणात जातं. जवळच्या चारशेच्या आसपास घरांचं नुकसान झालं, जागा पक्की माहीत, तारीख पक्की. पण गोल्फचं मैदान कुणी खड्ड्यासकट ठेवत नाही. 2019 मध्ये क्लब वेस्टन लाँगव्हिलला गेला आणि जुन्या मैदानाची जमीन घरांसाठी दिली गेली. अशा जागेवर काम करायचं तर बांधकाम सुरू होण्याआधीच्या काळात घेतलेला लायडार विदा आजच उतरवून ठेवावा, तुकड्याच्या तारखेसकट. नवा विदा आला की जुना शोधायला कष्ट पडतात.

आणि ज्या जागा अजून "कदाचित" मध्ये अडकल्या आहेत तिथे जानेवारी-फेब्रुवारीत, कडक दंव पडलेल्या रात्रीनंतर, सकाळी नऊच्या आत जावं. सूर्य खाली असतो, 30 सेंटिमीटरचा खळगासुद्धा सावली टाकतो, आणि त्याच्या तळातलं दंव भोवतालच्या शेतापेक्षा उशिरा वितळतं. छायाचित्र त्या पांढऱ्या गोलाचं घ्यायचं, मोजपट्टी शेजारी ठेवून.